हुंडणावळ आणि मजुरी : ‘रुपयाच्या प्रश्ना’तील एक दुर्लक्षित विचार

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लंडनच्या पी. एस. किंग अँड सन या प्रकाशनसंस्थेने १९२३ साली प्रसिद्ध केला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्‌सी. या पदवीसाठी त्यांनी सादर केलेला हा प्रबंध. त्याला त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना लाभली आहे. या ग्रंथाचा उल्लेख आपल्या सभा-संमेलनांतून नेहमी आदराने होतो. रिझर्व्ह बँकेचा विषय निघाला की तर तो हमखास होतो. परंतु ग्रंथाच्या आत काय आहे, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते. चलनशास्त्राची परिभाषा अवघड, आकडेवारी जुनी आणि विषय रुक्ष, अशी आपली समजूत असते. या समजुतीमुळे त्या ग्रंथातील एक विचार आपल्या नजरेआड राहिला आहे. परराष्ट्रीय व्यापारात ‘देशाला’ लाभ झाला असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा तो लाभ देशातील कोणाच्या पदरात पडला आणि त्याची किंमत देशातील कोणी मोजली, हा तो विचार होय. प्रस्तुत लेखात १८७३ ते १९२७ या काळातील हुंडणावळीच्या इतिहासाच्या आधारे त्याचा परामर्श घ्यावयाचा आहे.

हुंडणावळ म्हणजे काय?

एका देशाच्या चलनाचा दुसऱ्या देशाच्या चलनात जो भाव ठरतो, त्याला आपल्याकडील व्यापारी हुंडणावळ म्हणत. ब्रिटिश अमदानीत हा भाव एका रुपयास इतके शिलिंग व इतके पेन्स असा सांगितला जाई. बारा पेन्सांचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड, हे प्रमाण ध्यानात ठेवले म्हणजे पुढील हिशेब सोपा होतो. रुपयाचा भाव २ शिलिंग असेल तर एका पौंडाचे १० रुपये होतात. भाव १ शिलिंग ६ पेन्स असेल तर १३ रुपये ५ आणे ४ पै होतात आणि १ शिलिंग ४ पेन्स असेल तर १५ रुपये होतात.

आता समजा, वऱ्हाडातील कापूस लिव्हरपूलच्या बाजारात एका पौंडाला विकला गेला. विकणाऱ्या निर्यातदाराला पहिल्या स्थितीत १० रुपये मिळतील, तर शेवटच्या स्थितीत १५. रुपया जितका उतरेल तितके निर्यातदाराच्या हाती अधिक रुपये येतील. याउलट मँचेस्टरहून एक पौंड किमतीचे कापड मागविणाऱ्या व्यापाऱ्याला पूर्वी जेथे १० रुपये लागत, तेथे १५ मोजावे लागतील आणि तो भार अखेर कापड विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकावर पडेल. परदेशी कापड महाग झाल्याने देशी गिरणीमालकालाही आपल्या कापडाचा भाव वाढविण्यास वाव मिळेल. म्हणून उतरती हुंडणावळ ही उत्पादकाच्या सोयीची आणि चढती हुंडणावळ ही उपभोक्त्याच्या सोयीची, असा सर्वसाधारण समज रूढ झाला. हा समज अगदीच चुकीचा नाही. परंतु उत्पादक कोणास म्हणावयाचे, हा प्रश्न तो मोकळाच सोडतो. गिरणीचा मालकही उत्पादक आणि गिरणीतील मजूरही उत्पादक. दोघांच्या हितसंबंधांचा मेळ येथे बसत नाही.

चांदीची घसरण : १८७३ ते १८९३

१८३५ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात चांदीचा रुपया हे एकच प्रमाण नाणे ठरले होते. कोणीही टांकसाळीत चांदी आणून द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. इंग्लंडचे चलन मात्र सोन्याचे होते. १८७१ नंतर जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारले. फ्रान्स व त्याच्या सहकारी राष्ट्रांनीही चांदीची नाणी पाडण्यावर बंधने आणली. त्याच सुमारास अमेरिकेत चांदीचे उत्पादन वाढले. चांदीची मागणी घटली, पुरवठा वाढला आणि तिचा सोन्यातील भाव कोसळला. त्याबरोबर रुपयाही उतरला. १८७३-७४ साली रुपयाचा सरासरी भाव सुमारे १ शिलिंग १० पेन्स होता. १८९२-९३ साली तो सुमारे १ शिलिंग ३ पेन्सांवर आला.

या घसरणीचे दोन परिणाम झाले. पहिला सरकारी तिजोरीवर झाला. भारतमंत्र्यांच्या कचेरीचा खर्च, गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, रेल्वेच्या भांडवलावरील व्याज अशा अनेक रकमा हिंदुस्थान सरकारला दरसाल लंडनमध्ये पौंडांत द्याव्या लागत. ‘होम चार्जेस’ या नावाने ओळखला जाणारा हाच तो खर्च, ज्यावर दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर टीका केली. १८९२-९३ साली सुमारे १ कोटी ६५ लाख पौंड लंडनला पाठविण्यासाठी सरकारला सुमारे साडेसव्वीस कोटी रुपये लागले. १८७३-७४ चा दर कायम असता तर तीच रक्कम पावणेअठरा कोटींत भागली असती. वरचे पावणेनऊ कोटी आणावयाचे कोठून? करांतून. १८८६ साली प्राप्तिकर बसला, त्याची झळ संपन्नांना लागली. १८८८ साली मिठावरील कर मणामागे २ रुपयांवरून अडीच रुपयांवर नेण्यात आला, त्याची झळ मात्र भाकरीबरोबर मिठाचा खडा खाणाऱ्यालाही लागली. ज्याने आयुष्यात पौंडाचे नाणे पाहिले नव्हते, त्याच्या ताटातील मीठ हुंडणावळीने अशा रीतीने महाग केले.

दुसरा परिणाम व्यापारावर झाला. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला होता आणि रेल्वेचे जाळे पसरत होते. कापूस, गहू, तेलबिया यांची निर्यात वाढू लागली. मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनच्या बाजारात जाऊ लागले आणि तेथे ते लँकेशायरच्या सुताला मागे सारू लागले. चीनमध्येही चांदीचेच चलन असल्याने रुपया उतरला तरी चिनी गिऱ्हाइकाला मुंबईचे सूत महाग पडत नसे, लँकेशायरचे मात्र महाग पडे. गिरणीमालक व निर्यातदार यांना या काळात बरकत आली. उतरता रुपया म्हणजे हिंदी निर्यातीला मिळालेले इनामच होय, अशी मांडणी त्या वेळी पुढे आली आणि पुढील पन्नास वर्षे ती टिकली.

इनाम देतो कोण?

बाबासाहेबांनी नेमका येथे प्रश्न विचारला. निर्यातदाराला मिळणारे हे इनाम परदेशी गिऱ्हाइकाच्या खिशातून आले काय? तसे म्हणता येत नाही, कारण परदेशी गिऱ्हाईक जागतिक बाजारात सोन्याच्या हिशेबाने जो भाव असेल तोच देतो. मग निर्यातदाराचा वाढावा आला कोठून? बाबासाहेबांचे उत्तर असे की, तो देशातल्याच दुसऱ्या वर्गाकडून आला. रुपया परदेशात उतरतो याचा अर्थ त्याची देशांतर्गत क्रयशक्तीही आज ना उद्या उतरते, म्हणजेच वस्तूंच्या किमती वाढतात. सर्व किमती आणि सर्व मोबदले एकाच वेळी, एकाच प्रमाणात वाढले असते तर निर्यातदाराला काहीच लाभ झाला नसता. मालाचे दीडपट रुपये आले असते आणि मजुरी, कच्चा माल, भाडे यांवर दीडपट खर्चही झाला असता. लाभ होतो तो केवळ या कारणाने की, किमती लवकर वाढतात आणि मजुरी मागे रेंगाळते. मजुराला पूर्वीइतकेच रुपये मिळतात, पण त्या रुपयांत पूर्वीइतके धान्य मिळत नाही. ही जी तूट मजुराच्या घरी पडते, तीच मालकाच्या वहीत नफा म्हणून जमा होते.

या प्रतिपादनाचे महत्त्व वाचकांनी नीट लक्षात घ्यावे. उतरत्या हुंडणावळीवर टीका करणारे तेव्हा दुसरेही होते. परंतु त्यांची टीका बहुधा सरकारी अंदाजपत्रकाच्या किंवा ब्रिटिश भांडवलदाराच्या बाजूने असे. उलटपक्षी तिचे समर्थन करणारे राष्ट्रहिताच्या नावाने बोलत. ‘हिंदुस्थानचा व्यापार वाढला’ या वाक्यातील ‘हिंदुस्थान’ हा शब्द फोडून त्यात व्यापारी वर्ग कोणता आणि मजुरीवर जगणारा वर्ग कोणता, हे वेगळे करून दाखविणे हे बाबासाहेबांच्या मांडणीचे वैशिष्ट्य आहे. समाजाच्या बाबतीत ‘हिंदू समाज’ हा शब्द फोडून त्याच्या आतील उतरंड त्यांनी दाखविली, तीच दृष्टी येथे अर्थशास्त्रात काम करताना दिसते.

१८९३ ते १९२०

१८९३ साली हर्शेल समितीच्या शिफारशीनुसार सरकारने टांकसाळी जनतेला बंद केल्या. १८९९ पर्यंत रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडास १५ रुपये, असा ठरून गेला. यातून जी चलनपद्धती उदयास आली तिचे समर्थन जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात केले, तर बाबासाहेबांनी आपल्या प्रबंधात तिचे दोष दाखविले. रुपये किती पाडावयाचे हे सरकारच्या मर्जीवर राहते आणि सरकार रुपये अधिक पाडील तेव्हा किमती वाढून गरिबाचे नुकसान होते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

पहिल्या महायुद्धात चांदी महाग झाली आणि रुपयाचा भाव झपाट्याने चढला. बॅबिंग्टन स्मिथ समितीने १९२० साली सोन्याच्या हिशेबाने २ शिलिंग हा दर सुचविला. समितीतील एकमेव हिंदी सभासद दादिबा दलाल यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १ शिलिंग ४ पेन्सांचा आग्रह धरला. सरकारने नवा दर टिकविण्यासाठी लंडनवरील सुमारे साडेपाच कोटी पौंडांच्या हुंड्या विकल्या, तरीही दर टिकला नाही आणि त्याच वर्षी तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. चढ्या दराच्या भरवशावर परदेशी माल मागविलेले व्यापारी, माल बंदरात येईपर्यंत दर कोसळल्याने, अडचणीत सापडले. हुंडणावळीच्या अस्थिरतेने कोणाची घडी केव्हा विस्कटेल याचा नेम नसतो, हे त्या वर्षी मुंबईच्या बाजारपेठेने अनुभवले.

१९२५ : एक संप आणि एक साक्ष

१९२५ च्या सुमारास रुपया १ शिलिंग ६ पेन्सांजवळ स्थिरावला. तोच दर कायम ठेवावा की पूर्वीचा १ शिलिंग ४ पेन्सांचा दर परत आणावा, यावरून मोठा वाद माजला. मुंबईच्या गिरणीमालकांचा व व्यापाऱ्यांचा कौल १ शिलिंग ४ पेन्सांकडे होता. या प्रश्नाच्या विचारार्थ नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे १५ डिसेंबर १९२५ रोजी बाबासाहेबांची साक्ष झाली.

त्याच वर्षी मुंबईच्या गिरणगावात काय घडत होते? जपानी मालाच्या स्पर्धेने आणि मंदीने गिरणीमालक त्रस्त होते. त्यांनी सप्टेंबर १९२५ पासून मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. मजुरांनी संप पुकारला. तो डिसेंबरच्या आरंभापर्यंत चालला. देशी गिरण्यांच्या कापडावर १८९६ पासून साडेतीन टक्के अबकारी जकात होती. लँकेशायरच्या हितासाठी लादलेल्या या जकातीचा हिंदी जनतेला मनस्वी संताप होता. सरकारने ती तहकूब केली, मालकांनी कपात मागे घेतली आणि संप मिटला.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवून एक साधा हिशेब करून पाहू. १ शिलिंग ६ पेन्सांचा दर १ शिलिंग ४ पेन्सांवर आणला तर एक पौंडाचा परदेशी माल १३ रुपये ५ आणे ४ पैंऐवजी १५ रुपयांना पडेल. ही वाढ साडेबारा टक्के होते. देशातील सर्व किमती कालांतराने याच प्रमाणात वाढल्या आणि मजुरी जागच्या जागी राहिली असे धरले, तर शंभर रुपयांची मजुरी सुमारे ८९ रुपयांच्या किमतीची उरते. म्हणजे वास्तव मजुरीत अकरा टक्क्यांची घट. जी कपात उघडपणे जाहीर करताच गिरण्या अडीच महिने बंद पडल्या, जवळजवळ तेवढीच कपात हुंडणावळ दोन पेन्सांनी उतरवून, एकही नोटीस न लावता करता आली असती. प्रत्यक्षात सर्व किमती इतक्या काटेकोर प्रमाणात वाढत नाहीत, हे खरे. परंतु दिशा हीच राहते. कपातीविरुद्ध मजूर गिरणीच्या दारात उभा राहू शकतो. हुंडणावळीविरुद्ध त्याने कोणाच्या दारात उभे राहावे? मजुरीवरील ही न दिसणारी कपात लोकांच्या ध्यानात आणून देणे, हे बाबासाहेबांच्या मांडणीचे मोल आहे.

येथे आणखी एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. मजूरवर्गही एकजिनसी नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यातील मजुरी तुलनेने अधिक होती, पण त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना मज्जाव असे. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा इतरांना चालत नसे, हे त्याचे कारण. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. निर्यात वाढून कापडधंद्यास बरकत आली, तरी तिचा जो काही अंश मजुरीच्या रूपाने खाली झिरपेल, तो कमी मजुरीच्या खात्यांत अडकवून ठेवलेल्या कामगारापर्यंत सर्वांत शेवटी आणि सर्वांत थोडा पोहोचणार. आणि महागाई मात्र बाजारात त्याला सर्वांच्या बरोबरीने गाठणार.

दुसरी बाजू

एवढ्यावरून चढती हुंडणावळ ही नेहमीच गरिबाच्या हिताची, असा निष्कर्ष कोणी काढू नये. हिल्टन यंग आयोगाने १ शिलिंग ६ पेन्सांची शिफारस केली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी तिला विरोध करणारी भिन्नमतपत्रिका जोडली आणि १९२७ च्या कायद्याने १ शिलिंग ६ पेन्सांचा दर कायम झाला. दोनच वर्षांनी जागतिक मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याचे सावकारी कर्ज आणि सरकारी सारा मात्र रुपयांत ठरलेला होता, तो कमी झाला नाही. पूर्वी जेवढा कापूस विकून सारा भरता येई, त्याच्या कितीतरी पट कापूस आता विकावा लागे. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णचलन सोडले, तरी रुपया स्टर्लिंगला त्याच दराने बांधून ठेवण्यात आला. खेड्यापाड्यांतून बायकांच्या अंगावरचे सोने विकले जाऊन परदेशी गेले. अशा वेळी ‘स्वस्ताई’ ही ज्याची मजुरी चालू आहे त्यालाच उपयोगी पडते. ज्याचे काम सुटले त्याला बाजारात धान्य कितीही स्वस्त असले तरी काय?

याचा अर्थ असा की, चढता दर चांगला की उतरता, या प्रश्नाला सर्वकाळ लागू पडणारे उत्तर नाही. कोणाचे उत्पन्न ठरीव आहे, कोणाचे देणे ठरीव आहे आणि किमती बदलल्या असता कोणाला आपला मोबदला वाढवून घेण्याची शक्ती आहे, हे पाहावे लागते. ज्याच्याजवळ ही शक्ती नाही, तो भाव चढले तरी भरडला जातो आणि उतरले तरी भरडला जातो. म्हणूनच बाबासाहेबांचा भर हुंडणावळीचा अमुक एक आकडा साधण्यापेक्षा रुपयाची देशांतर्गत क्रयशक्ती स्थिर राखण्यावर होता. सरकारने रुपये पाडणे संपूर्णपणे थांबवावे, सोन्याचे नाणे सुरू करावे आणि दोहोंतील प्रमाण कायद्याने ठरवून द्यावे, ही त्यांनी सुचविलेली योजना त्या भूमिकेतूनच आलेली आहे. सोन्याच्या नाण्याची ती योजना आज कालबाह्य झाली असेल. ज्या हेतूने ती मांडली, तो झालेला नाही.

आजचा संदर्भ

स्वातंत्र्यानंतर ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये झाला. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत पुन्हा अवमूल्यन झाले. दोन्ही वेळी निर्यातवाढीचा युक्तिवाद पुढे होता. परंतु तेल, खत, औषधे यांच्या वाढत्या किमतींबरोबर आपली मजुरी कोण वाढवून घेऊ शकतो, या प्रश्नाची चर्चा त्या मानाने क्षीणच राहिली.

अगदी अलीकडचे उदाहरण आपल्याच प्रांतातील आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातीवर बंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली आणि उरलेले शुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. शहरी ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून केलेल्या उपायांनी नाशिक, अहिल्यानगरचा शेतकरी संतप्त झाला. वाद ग्राहक विरुद्ध शेतकरी असा रंगला. त्यात तिसरे माणूस कोणाला फारसे दिसले नाही. कांद्याची लागवड, खुरपणी आणि काढणी करणारी भूमिहीन मजूर स्त्री ही कांदा पिकविणारीही आहे आणि पावकिलोने विकत घेणारीही आहे. भाव चढला तर तिची भाजी महागते आणि रोज त्या प्रमाणात वाढेलच असे नाही. भाव पडला तर पुढच्या हंगामात लागवड घटून तिचे काम कमी होते. दोन्ही बाजूंच्या हिशेबात तिचा रकाना नाही.

बाबासाहेबांच्या ग्रंथाचे आजचे महत्त्व हा रकाना उघडण्यात आहे. आयात-निर्यातीचे, जकातींचे, रुपयाच्या घसरणीचे आकडे रोज आपल्या कानांवर पडतात आणि ते तज्ज्ञांचे विषय म्हणून आपण सोडून देतो. मुंबईच्या चाळीत राहून शिकलेल्या आणि लंडनच्या ग्रंथालयांत बसून हेच आकडे वाचलेल्या एका विद्यार्थ्याने ते सोडून दिले नाहीत. आपल्या विहारांतून चालणाऱ्या अभ्यासवर्गांनी आणि तरुण अभ्यासकांनी ‘रुपयाचा प्रश्न’ हा ग्रंथ पूजेच्या मांडणीतून खाली घेऊन वाचावयास हवा. तो वाचताना समोर आपल्या वस्तीतील एखाद्या मजुराच्या महिन्याच्या जमाखर्चाची वही उघडी ठेवावी. ग्रंथाचा अर्थ समजण्यास तिच्याइतके उपयुक्त साधन दुसरे नाही.